आमच्या प्रेसचा पेंटियम आणि खान्देशचा उन्हाळा

अमळनेरला नानांच्या प्रेसमध्ये जो कॉम्प्युटर आहे, तो १९९९ सालचा. कंपनीचा नाही, जळगावहून जुळवून आणलेला. इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटचा मदरबोर्ड, पेंटियम टू ३५० मेगाहर्ट्झ, ६४ एमबी रॅम, ४.३ जीबीची हार्ड डिस्क, ८ एमबीचं एजीपी डिस्प्ले कार्ड, फ्लॉपी, सीडी ड्राइव्ह आणि पंधरा इंची डबा मॉनिटर. त्यावर विंडोज ९८, पानं मांडायचा पेजमेकर ६.५ आणि मराठी फॉन्टचं पॅकेज. त्या पॅकेजचं लॉक, म्हणजे कॉपी होऊ नये म्हणून दिलेली छोटी डबी, मागे पॅरलल पोर्टला (जुने प्रिंटर जोडायची जागा) लावलेलं असतं. लॉक काढलं की मराठी टाइप होत नाही.

हे मशीन अजून कशाला ठेवलंय, असं मला प्रेसमध्ये येणारा प्रत्येक जण विचारतो. कारण लग्नपत्रिका. आमच्या भागात पत्रिकेवर नुसते वधू-वर आणि आईवडील छापून भागत नाही. चुलत घराणं, मामेकुळं, भाऊबंद, गावातले मानकरी, किलबिल करणारी चिल्लीपिल्ली, सगळी नावं हवीत, आणि मानाच्या क्रमानं हवीत. दोन भावांतला कोण आधी यावरून रुसवे होतात. थोरल्याचं लग्न झालेलं असतं, त्याची फाइल नानांकडे असते; धाकट्याच्या वेळी ती उघडायची, गेलेल्यांच्या नावाआधी 'कै.' लावायचं, नव्या सुना-जावयांना जागा करायची, तारीख-मुहूर्त बदलायचा. पंचवीस वर्षांच्या अशा फाइली आहेत. त्या सगळ्या जुन्या आठ-बिटी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. युनिकोडवाल्या नव्या कॉम्प्युटरवर उघडल्या, तर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गाळ दिसतो. तो मजकूर कन्व्हर्टरमधून काढता येतो, मी बराच काढलाही आहे. पण जोडाक्षरं आणि रफार जिथे तिथे सरकतात, आणि माणसाच्या नावात चूक झालेली पत्रिका कुणी घेत नाही.

'मग नव्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन कर ना,' हे दुसरं. म्हणजे लॅपटॉपच्या आतच प्रोग्रॅमनं जुन्या कॉम्प्युटरचं सोंग उभं करायचं. लॉकमुळे ते अडतं. बाजारात मिळणारी यूएसबी-टू-पॅरलल वायर प्रिंटरपुरती असते. लॉक वाचायला पॅकेज थेट पॅरलल पोर्टच्या पत्त्यावर जाऊन बोलतं, आणि ती वायर तो पत्ताच उभा करत नाही. म्हणून खरं मशीन, खरा पोर्ट. नानांचं म्हणणं मात्र याहून सोपं आहे. 'माले नवं नको. हाईच चालू ठेव,' एवढंच ते म्हणतात.

मी जळगावला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं. आणि या मशीनमध्ये काय बदलायचं, काय नाही, याचा विचार करताना मला पुन्हापुन्हा एकच गोष्ट दिसली. नेटवर जुन्या कॉम्प्युटरच्या अपग्रेडबद्दल जे जे लिहिलेलं असतं, ते जवळपास सगळं वेगासाठी असतं. कोणता प्रोसेसर बसेल, कोणतं कार्ड घालून कोणता गेम पळेल. आमच्याकडे प्रश्न वेगाचा नाहीच. लग्नसराई एप्रिल-मे महिन्यात, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे सगळ्यात जोरात. आणि तेव्हाच भुसावळ-जळगाव-अमळनेर पट्ट्यात पारा ४४-४५ च्या घरात. प्रेसला वर पत्रे. वर्षातलं सगळ्यात जास्त काम या मशीनला वर्षातल्या सगळ्यात वाईट हवेत करावं लागतं. त्यामुळे मी प्रत्येक सुट्या भागाला आधी विचारते, याने आतली उष्णता वाढेल की कमी होईल? वेग मिळाला तर मिळाला.

सुरुवात एसएमपीएसपासून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यापासून केली, आणि कुणीही करत असेल तर तिथूनच करावी. जुना एसएमपीएस उघडला तर पंख्याच्या पात्यांवर कागदाची भुकटी आणि कापसाचे तंतू यांचा नमद्यासारखा थर. प्रेस आहे, कागद कापला जातो. आणि आसपास जिनिंग असल्यानं हंगामात तंतू हवेत असतातच. पंखा फिरत होता, पण हवा ओढत नव्हता. आतले दोन कपॅसिटर (वीज साठवून दाब स्थिर ठेवणारे छोटे डबे) डोक्यावर फुगलेले.

नवा एसएमपीएस घेताना एक गोष्ट बघावी लागते. आताचे पुरवठे बहुतेक ताकद १२ व्होल्टच्या लाइनवर देतात, कारण आताचे प्रोसेसर तिथून वीज घेतात. बीएक्सच्या काळातले बोर्ड ५ आणि ३.३ व्होल्टवर जगतात. म्हणजे डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेले ४५० वॅट बघून उपयोग नाही, बाजूच्या स्टिकरवर +५ व्होल्टसमोर किती अँपिअर आहेत ते वाचायचं. वीस-बावीसच्या खाली असलेला मी घेतला नसता. प्लग २४ पिनचा असला तरी चालतो. जुन्या २० पिनच्या सॉकेटमध्ये उरलेल्या चार पिना बाहेर राहतात, तेवढी जागा बोर्डावर मोकळी आहे का ते बघायचं. आणखी एक, नव्या पुरवठ्यात उणे ५ व्होल्टची लाइन नसते. काही जुन्या आयसा कार्डांना (पीसीआयच्या आधीच्या पद्धतीच्या स्लॉटची कार्डं) ती लागते. आमच्यात आयसा स्लॉट आहेत पण त्यांत काही लावलेलं नाही, म्हणून प्रश्न आला नाही. ज्यांच्याकडे जुनं आयसा साउंड कार्ड आहे, त्यांनी आधी खात्री करावी.

त्यानंतर मदरबोर्डवरचे कपॅसिटर. यावर मला थोडं सविस्तर लिहायचंय, कारण खान्देशात जुनी मशीनं मरतात ती बहुतेक याच एका भागामुळे, आणि लोक 'मदरबोर्ड गेला' म्हणून सगळंच भंगारात देतात.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आत ओला द्रव असतो. तो उष्णतेनं हळूहळू सुकतो. सुकला की कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो, रोध वाढला की तो स्वतःच जास्त तापतो, आणि मग आणखी लवकर सुकतो. त्याच्या अंगावर तापमान छापलेलं असतं, ८५ किंवा १०५ अंश. माहितीपत्रकात त्या तापमानाला किती तास टिकेल ते दिलेलं असतं, समजा २००० तास. नियम असा की, तापमान दर १० अंशांनी कमी झालं की आयुष्य साधारण दुप्पट. आता हिशोब करा. कॅबिनेटच्या आत प्रोसेसरजवळ ६५ अंश असतील, तर १०५ वाल्याला ४० अंशांची सवलत, म्हणजे सोळापट, ३२,००० तास. दिवसाला ८ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले, तर तेरा वर्षं. तोच कपॅसिटर ७५ अंशांत राहिला तर १६,००० तास, सात वर्षंही नाहीत. आणि कुणी पैसे वाचवायला ८५ वाला टाकला असेल तर ६५ अंशांत त्याला फक्त ८,००० तास, म्हणजे सव्वातीन वर्षं. नाशिकच्या हवेत जितकं काढतो त्याच्या निम्मंच आयुष्य तोच बोर्ड अमळनेरच्या पत्र्याखाली काढतो, तो या दहा अंशांमुळे.

आमच्या बोर्डावर प्रोसेसरच्या स्लॉटला लागून १५०० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्टचे कपॅसिटर ओळीनं उभे आहेत. तीन फुगलेले होते, एकाच्या बुडाशी तपकिरी डाग. जे दिसायला चांगले होते तेही सगळे बदलले, कारण एकाच दिवशी बसवलेले, एकाच उन्हात तापलेले. १०५ अंशांचे, कमी ईएसआरचे (म्हणजे कमी अंतर्गत रोधाचे), आणि शक्यतो ५००० तासांचे घेतले. पंचवीस वॅटच्या साध्या सोल्डरिंग आयर्ननं हे काम होत नाही. कपॅसिटरचा ऋण पाय बोर्डाच्या आतल्या अख्ख्या तांब्याच्या थराला जोडलेला असतो आणि तो थर सगळी उष्णता पिऊन घेतो. टोकाचं सोल्डर वितळतं, आतलं घट्टच राहतं. मी साठ वॅटचं वापरलं, आधी पायावर थोडं ताजं सोल्डर चढवलं, फ्लक्स लावलं, मग कपॅसिटर एका बाजूला किंचित कलता करत एकेक पाय आळीपाळीनं सैल केला. ओढायचं नाही. ओढलं तर भोकाच्या आतलं तांब्याचं नळकांडं बाहेर येतं आणि मग खरोखरच मदरबोर्ड जातो. भोक मोकळं करायला डिसोल्डर पंपापेक्षा मला लाकडी टूथपिक जास्त उपयोगी पडली. सोल्डर वितळलेलं असताना ती आत सारायची, थंड होऊ द्यायची, सोल्डर लाकडाला चिकटत नाही.

ध्रुवता नीट बघायची. कपॅसिटरच्या अंगावर पट्टा असलेली बाजू ऋण, हे सगळीकडे सारखं. बोर्डावर छापलेल्या वर्तुळाचा भरलेला अर्धा भाग मात्र एका कंपनीत ऋण असतो, दुसरीत धन. त्यामुळे काढण्याआधी मोबाइलवर जवळून फोटो.

नंतर मीटर लावून बघितलं, प्रोसेसरचा कोअर व्होल्टेज स्थिर. पेजमेकरमध्ये मोठी फाइल सेव्ह करताना मशीन अधूनमधून निळा पडदा दाखवायचं, तेही बंद झालं. नाना वर्षभर विंडोजला बोल लावत होते.

आता प्रोसेसर. हा लोकांचा सगळ्यात आवडता विषय, आणि इथे मला खरोखर आनंदाची गोष्ट सापडली. बीएक्स चिपसेट एप्रिल १९९८ मध्ये आला, १०० मेगाहर्ट्झच्या बसचा (बस म्हणजे प्रोसेसर आणि बोर्ड यांच्यातली माहितीची वाट). पेंटियम टू ३५० हा त्याच्या पहिल्या सोबत्यांपैकी. पण त्याच स्लॉटमध्ये पुढे पेंटियम थ्रीसुद्धा बसतो. आणि या स्लॉटमध्ये बसणारे पेंटियम थ्रीचे दोन वंश आहेत. फेब्रुवारी १९९९ चा कॅटमाय, ०.२५ मायक्रॉनचा, ज्याची ५१२ केबी कॅश (हाताशी ठेवलेली छोटी मेमरी) प्रोसेसरच्या निम्म्या वेगानं चालते. आणि ऑक्टोबर १९९९ चा कॉपरमाइन, ०.१८ मायक्रॉनचा, कॅश २५६ केबीच पण त्याच सिलिकॉनवर आणि पूर्ण वेगानं. आमचा जुना ३५० दोन व्होल्टवर चालायचा. कॉपरमाइन ६००ई चालतो १.६५ व्होल्टवर. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जाते, १.६५ चा वर्ग २.७२, दोनचा वर्ग ४. नुसत्या व्होल्टेजनं एक तृतीयांश बचत झाली, आणि आतले ट्रान्झिस्टर लहान झाल्यानं आणखी. जुना ३५० साधारण २१ वॅट खायचा, ६००ई सोळाच्या आसपास. म्हणजे वेग पावणेदोन पट आणि तरी थंड. अमळनेरच्या उन्हाळ्यासाठी अपग्रेड म्हणतात ती हीच.

घेताना अक्षरं वाचावी लागतात. ६०० मेगाहर्ट्झचे चार आहेत. नुसता ६०० म्हणजे कॅटमाय, १०० ची बस. ६००बी म्हणजे कॅटमाय, १३३ ची बस. ६००ई कॉपरमाइन, १००. ६००ईबी कॉपरमाइन, १३३. गुणक (बसच्या किती पट वेगानं पळायचं तो आकडा) आतून कुलूपबंद असतो, त्यामुळे ईबी आमच्या १०० च्या बसवर बसवला तर ४.५ गुणिले १००, म्हणजे ४५० वरच चालेल. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये नवे मोबाइल, जुने लॅपटॉप, चार्जर, वाटेल ते मिळतं, पण स्लॉटवाला प्रोसेसर दुकानात आता नाही. तो भंगारात शोधावा लागतो, आणि तिथे स्पर्धा सोनं काढणाऱ्यांशी असते. या प्रोसेसरच्या कडेला सोन्याचा मुलामा असलेल्या पट्ट्या आहेत, म्हणून ते किलोवर जातात आणि आम्लात पडतात. मला मिळाला तो अशाच एका पोत्यातून. भंगारवाल्या भाऊंनी माझ्यासमोर सगळं पोतं ओतलं आणि म्हणाले, 'ताई, तुम्हीच निवडा, आमाले काय कळतंय त्यातलं.' खोक्यावर लेसरनं कोरलेला नंबर भिंगातून वाचत बसले होते, तेव्हा चहाही आला.

प्रोसेसर मिळणं पुरेसं नाही. बोर्डावरच्या रेग्युलेटरला, म्हणजे प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणाऱ्या भागाला, १.६५ व्होल्ट देता आला पाहिजे. सुरुवातीचे बीएक्स बोर्ड १.८ च्या खाली जात नाहीत. एकाच नावाचा बोर्ड, पण आधीच्या आवृत्तीत जमत नाही आणि नंतरच्या आवृत्तीत जमतं, असंही आहे. त्यामुळे रेग्युलेटरच्या चिपवरचा क्रमांक वाचून तिचं माहितीपत्रक काढलं. किमान १.३ व्होल्ट लिहिलेलं सापडलं तेव्हा मी वर्गातल्या मुलांना ते पान दाखवलं. काही जण १.८ व्होल्टवरच कॉपरमाइन चालवतात आणि तो चालतोही. थंड प्रदेशात ठीक असेल. इथे ज्या कारणासाठी बदलतोय तेच त्यात निघून जातं.

बायोसही (बोर्डावरच्या चिपमधला, मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम) नवा लागतो, नाहीतर प्रोसेसर ओळखला जात नाही. बायोस फ्लॅश करणं म्हणजे फ्लॉपीवरून मिनिटभराचं काम, पण त्या मिनिटात वीज गेली तर बोर्ड उठत नाही. आमच्याकडे शेतीपंपांची वेळ असली की दाब पडतो आणि दिवे मान टाकतात. यूपीएसच्या बॅटरीला आधी चांगला भार देऊन तपासलं, आणि फ्लॅश करायला पहाटेची वेळ निवडली.

हीटसिंकवरची जुनी पेस्ट खडूसारखी झाली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून नवी लावली. पंखा मोठा आणि संथ घेतला. कॅबिनेटला पुढून हवा घेणारा एक पंखा जोडला, त्याच्यापुढे स्वयंपाकघराच्या चिमणीला लावतात तसली धुता येणारी जाळी. दर आठवड्याला ती काढून झटकायची हे काम प्रेसमधल्या पोरानं स्वतःहून अंगावर घेतलं आहे.

रॅमबद्दल फार लिहायला नको. ६४ एमबीचे २५६ केले, १२८ च्या दोन पट्ट्या. बीएक्स एका स्लॉटला २५६ एमबीपर्यंत घेतो, पण २५६ ची पट्टी सोळा चिपची असावी लागते. आठ जाड चिपवाली घातली तर निम्मीच दिसते. पीसी१३३ ची पट्टी १०० वर बिनतक्रार चालते. तीन स्लॉट भरून ७६८ करता येतील, पण विंडोज ९८ ला ५१२ च्या पुढे त्रास होतो, त्याचा डिस्क कॅश स्वतःसाठी इतके पत्ते अडवतो की 'मेमरी पुरत नाही' असा उलटा निरोप येतो. सिस्टिम डॉट आयएनआय या विंडोजच्या सेटिंगच्या फाइलमध्ये कॅशला मर्यादा घालून ते सुटतं. पत्रिकेला २५६ म्हणजे प्रशस्त.

हार्ड डिस्कशी खेळताना आधी तिची प्रत. पंचवीस वर्षांची नावं तिच्यात होती. ती काढून यूएसबी अडॅप्टरनं लॅपटॉपला जोडली आणि लिनक्सवर डीडीरेस्क्यू चालवलं. हा प्रोग्रॅम आधी सहज वाचता येणारा भाग पटापट उतरवतो, अवघड जागांची नोंद ठेवतो आणि शेवटी तिथे परत जातो. मरणाऱ्या डिस्कला एकाच खराब जागी खरवडत बसण्यापेक्षा हे फार बरं. सगळं वाचलं गेलं. नानांना ती प्रत उघडून दाखवली. त्यांनी पहिली फाइल कोणती मागितली, तर माझ्या आत्याच्या मुलीच्या लग्नाची.

नव्या डिस्कसाठी मी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड निवडलं. हे कार्ड मुळातच आयडीई, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्या जोडणीची भाषा बोलतं, त्यामुळे अडॅप्टर म्हणजे फक्त पिना जुळवणारा तुकडा. एसएसडी आणि सॅटा-आयडीई पूल असाही मार्ग आहे. तोही चांगला, फक्त १९९९ च्या मध्यापूर्वीचे बरेच बायोस ३२ जीबीपेक्षा मोठी डिस्क दिसली की तिथेच थिजतात, आणि एवढी लहान एसएसडी आता शोधून मिळते. शिवाय बीएक्सचा आयडीई ३३ मेगाबाइट प्रतिसेकंदाला थांबतो, वेगवान एसएसडीचे पैसे वाया. १६ जीबीचं औद्योगिक दर्जाचं कार्ड घेतलं, उणे ४० ते ८५ अंशांचं. जुन्या फिरत्या डिस्क बहुतेक ५५ अंशांपर्यंतच्या असायच्या, आणि त्यात स्वतःची मोटर. बाहेर ४५ असताना उरतात किती? विंडोज ९८ सेकंड एडिशन कोरं टाकलं, पॅकेजची सीडी नानांनी जपून ठेवलेली, लॉक ओळखलं गेलं, फाइली जागेवर. कार्डावर विनाकारण लिहिलं जाऊ नये म्हणून सिस्टिम डॉट आयएनआय मध्ये कन्झर्व्हेटिव्ह स्वॅपफाइल युसेज १ केलं, म्हणजे रॅम संपेपर्यंत विंडोज स्वॅपला (रॅम अपुरी पडली की डिस्कवर वापरायची जागा) हात लावत नाही. आता मशीनचा आवाज म्हणजे फक्त पंख्याचा. कागद कापण्याच्या मशीनपुढे तोही ऐकू येत नाही.

डिस्प्ले कार्ड बदललं नाही. पुष्कळांनी सुचवलं की जीफोर्स टू एमएक्स घाल, ते एजीपी टूएक्सला चालतं. चालतं, पण कशाला? सतरा इंची एलसीडीला १२८० बाय १०२४ लागतं. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले तरी ३९ लाख बाइट, चार एमबीच्या आत. आमचं ८ एमबीचं कार्ड ते सहज करतं, त्यावर पंखा नाही, आणि पत्रिकेवरचा गणपती त्रिमितीत फिरत नाही. डबा मॉनिटर मात्र काढला. चालू असताना खोलीत तो एक शेगडीच होता. एलसीडी आल्यावर नाना म्हणाले, अक्षराचं टोक दिसायला लागलं.

बस १३३ वर नेण्याचा मोह तेवढा टाळावा. बीएक्स १३३ वर चालतो, त्यासाठी तो नावाजलेला आहे. पण त्याच्याकडे एजीपीसाठी दोन तृतीयांशापेक्षा लहान भागाकार नाही, त्यामुळे ६६ साठी बनलेलं डिस्प्ले कार्ड ८९ वर पळवावं लागतं. डिसेंबरात चालेल. मे महिन्यात, गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना, नको.

आणि कूलर. इथे प्रत्येक दुकानात वाळ्याचा कूलर असतो आणि मशीन तापतं म्हणून त्याचं तोंड कॉम्प्युटरकडे करतात. बोअरचं पाणी जड. त्याचे बारीक तुषार हवेबरोबर आत जातात, पाणी उडतं, क्षार राहतो. रॅमच्या स्लॉटच्या पिनांवर पांढरी पूड मी इथल्या बऱ्याच मशीनमध्ये पाहिली आहे. कूलर माणसाकडे असावा, मशीनच्या पाठीला खिडकी असावी.

नेटवर हे मशीन नाही आणि नसावंच. रिअलटेक ८१३९ चं साधं पीसीआय नेटवर्क कार्ड घातलं आहे, त्याची दुसरी बाजू फक्त प्रेसमधल्या लॅपटॉपला. विंडोज ९८ चं शेअरिंग आताचं विंडोज स्वीकारत नाही, म्हणून लॅपटॉपवर एफटीपी, फाइली पाठवायची जुनी पद्धत. पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्ट (छपाईसाठीची) फाइल काढायची, लॅपटॉपवर पाठवायची, घोस्टस्क्रिप्टनं पीडीएफ करायची. फॉन्ट आतच बसतात, त्यामुळे गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर प्रूफ जातं आणि चार रंगांचं काम असलं तर ऑफसेटलाही तीच फाइल. एका रंगाच्या पत्रिका नाना अजून ट्रेसिंग पेपरवर लेझरनं काढतात आणि त्यावरून स्क्रीन उजळतात. पूर्वी प्रूफसाठी चोपड्याहून, पारोळ्याहून माणूस एसटीनं यायचा.

अमळनेर आणि कॉम्प्युटर म्हटलं की बाहेरचे लोक विप्रोचं नाव घेतात. ते खरंच आहे. १९४५ साली इथे वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून ती कंपनी सुरू झाली आणि ऐंशीच्या दशकात कॉम्प्युटर बनवायला लागली. गावात तिच्या शेअरच्या गोष्टी घरोघरी निघतात. पण गावातले कॉम्प्युटर प्रत्यक्षात चालू राहिले ते भंगारवाल्या भाऊंसारख्या आणि दुकानाच्या मागच्या खोलीत सोल्डर करणाऱ्या पोरांच्या जोरावर, आणि त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. माझ्या वर्गातली मुलं डाटाशीट वाचायला कंटाळतात. या बोर्डावर मात्र तासन्‌तास बसतात, कारण इथे प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, बोट ठेवता येतं, आणि बदलला तर फरक मीटरवर लगेच कळतो.

यंदाच्या आखाजीला मी कॅबिनेटच्या आत थर्मामीटरची तार सोडून ठेवली होती. बाहेर ४४, रेग्युलेटरच्या कपॅसिटरशेजारी ५८. जुन्या जुळणीत त्याच जागी ७१ दिसले होते. वरच्या हिशोबानं हे दुपटीहून जास्त आयुष्य झालं. आता राहिलंय ते लॉक. मशीनमधला तेवढाच एक भाग असा आहे की ज्याला दुसरा नाही, ना भंगारात, ना माझ्या सोल्डरिंगच्या टेबलावर. ते टिकतंय तोवर त्या आठ-बिटी फाइली युनिकोडमध्ये आणण्याचं काम मी आणि नाना मिळून करतोय. मी कन्व्हर्टर चालवते, ते एकेक नाव वाचून रफार जागेवर बसवतात. धरणगावची आणि एरंडोलची घराणी झाली आहेत, पारोळा सुरू आहे.